पश्चिमेच्या खिडकीच्या झडपा

सावद्याला घर बांधायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. पश्चिमेच्या खोलीला मोठी खिडकी, आणि त्या खिडकीला बाहेरच्या बाजूने लाकडी झडपा. बाकी देवघर कुठे, जिना कुठून, फरशी कुठली, ह्यातल्या कशातही मी तोंड घातलं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा नवऱ्याने ठरवली आणि ती मला दोन बोटं जास्त झाली, तरी मी गप्प बसले. म्हटलं, आपली खिडकी होते आहे ना, मग पोळ्या टाचा उंचावून लाटू.

नवऱ्याबद्दल लिहिताना ‘ते’, ‘म्हणाले’ असं बहुवचन येईल. ती जुनी सवय आहे. त्यात मान किती आणि सवय किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

दीपनगरच्या वसाहतीत आमची एकोणतीस वर्षं गेली. ते वीजकेंद्रात टेक्निशियन, आणि मी क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. मार्च संपत आला की त्या खोलीच्या एका खिडकीत कूलर बसायचा, म्हणजे ती खिडकी गेली. दुसऱ्या खिडकीला टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आतून ठोकायचा, फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबायच्या, म्हणजे तीही गेली. मग पाऊस धरेपर्यंत दिवसा ट्यूबलाइट. कूलरचा घरघराट, ओलसर वाळ्याचा वास आणि डोक्यावर ती पांढरी नळी. काळ्या कापडाला काळा दोरा ओवायचा झाला की मी दार उघडून ओट्यावर जायची, उजेडात सुई ओवायची आणि झळ तोंडाला लागायच्या आत परत यायची. शेजारणी हसायच्या. चष्म्याचा नंबर वाढत गेला तसं मला हसू येईनासं झालं.

झडपा मी पहिल्यांदा भुसावळला पाहिल्या, एका जुन्या बंगल्यात. तिथल्या बाईंच्या ब्लाउजांचं फिटिंग द्यायला गेले होते. मे महिना, दुपारचे दोन. घरात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कूलरचा आवाज नव्हता. तरी खोली थंड होती आणि उजेडही होता. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जुन्या सागवानाच्या झडपा होत्या, आडव्या तिरप्या पट्ट्यांच्या. ऊन त्या पट्ट्यांवर येऊन थांबलं होतं. आत येत होता तो नुसता उजेड, आणि पट्ट्यांमधून थोडा वारा. बाईंनी समजावून सांगितलं की पडदा आत, काच आत, म्हणजे ऊन घरात आल्यावरच आपण त्याला अडवतो. ते भिंतीच्या बाहेर अडवायला हवं. मी ब्लाउजाची बाही मोजता मोजता टेप हळूच पट्टीलाही लावून घेतली. पावणेदोन इंच रुंद होती. घरी येऊन मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावांखाली मी तेवढंच लिहून ठेवलं, ‘पट्टी, पावणेदोन’.

नवरा निवृत्त झाले तेव्हा सावद्याला घर बांधायचं नक्की झालं. तिथे वाटणीत आलेली जागा होती, गावाच्या कडेला, थोरल्या दिरांच्या घराला लागून. त्यांना सगळे नाना म्हणतात. केळीचे मोठे बागायतदार, सकाळी सहाला बागेत आणि दुपारी अंगणात खुर्ची टाकून फोनवर व्यापाऱ्यांशी हुज्जत. आमच्या पश्चिमेच्या भिंतीपलीकडे हातभर रुंदीची आमचीच बोळ, आणि बोळीपलीकडे त्यांचं अंगण.

नानांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाकडून. एकाच खोलीत, चार हातांवर बसून, ‘तिला सांग’ आणि ‘त्यांना म्हणावं’ असं चालतं. आताच्या सुना ह्यातलं काही पाळत नाहीत आणि तेच बरं आहे. आम्ही पाळलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण नानांशी मी एक वाक्य बोलले नव्हते. आमच्यातला मधला माणूस म्हणजे माझा नवरा. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे तेच पोचवायचे, आणि मी त्यात कधी काही वावगं पाहिलं नाही.

शिवाय नवरा भला माणूस म्हणून प्रसिद्ध. वसाहतीत दोन घरांत भांडण झालं की मिटवायला ह्यांना बोलवायचे. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. मी तापट, ते शांत, असं लोक म्हणायचे, आणि पुढे हेही म्हणायचे की बाई, नशीब काढलंस.

पाया खणला, भिंती वर आल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीत गवंड्याने एक मोठी चौकोनी जागा सोडली. ती पाहिली त्या दिवशी मी तिच्यासमोर विटांच्या ढिगावर बराच वेळ बसून राहिले. तिच्यातून नानांचं अंगण, त्यामागे केळीची बाग आणि उतरतं ऊन दिसत होतं. मी मनात मशीन मांडलं. पायडलवर उजवा पाय, डाव्या खांद्यावरून उजेड.

मग सुरू झाली झडपांची निवड, आणि त्या चार महिन्यांइतकी सुखी मी फार कमी वेळा झाले असेन.

पहिल्यांदा आम्ही जळगावला गेलो. दुकानदाराने ॲल्युमिनियमच्या झडपा दाखवल्या, चकचकीत, जन्मभर काही होणार नाही म्हणाला. मी म्हटलं, एक तुकडा अर्धा तास बाहेर उन्हात ठेवा. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. अर्ध्या तासाने मी तळहात लावला आणि तव्यावरून काढावा तसा काढला. दुकानदाराने थंड पाणी मागवलं आणि विषय प्लॅस्टिकच्या झडपांवर नेला. त्या मी वसाहतीत लोकांच्या गॅलऱ्यांत पाहिल्या होत्या, तिसऱ्या उन्हाळ्यात वाकून पापडासारख्या होतात. बांबूच्या चिकाचाही, म्हणजे कामट्यांच्या पडद्याचाही, विचार केला. पण आमच्याकडे मे महिन्यात जे वारं केळीच्या बागा आडव्या करतं, त्याच्यापुढे चिक किती टिकणार? आणि हिरवी जाळी लावली असती तर घराची रोपवाटिका झाली असती. म्हणून शेवटी सागवानच.

ह्या सगळ्यात नवरा माझ्याबरोबर होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दुकानांत ते बरोबर होते, परतीच्या एसटीत माझ्या डोक्यातला हिशेब ऐकत होते, वखारीत लाकूड उलटंपालटं करायला त्यांनी हात दिला. लाकूड ओळखणारा सुतार त्यांनीच शोधला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा, साठीपुढचा, फारसं न बोलणारा माणूस. तो फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा, वास घ्यायचा, आणि दोन उन्हाळे न खाल्लेलं लाकूड बाजूला सारायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण कापड निवडताना मीही तसंच करते.

पट्ट्या पक्क्या की हलत्या, हा पहिला प्रश्न. पक्क्या टिकतात, पण मला सकाळी उजेड जास्त हवा आणि दुपारी कमी. म्हणून हलत्या, मधे एका उभ्या काठीने वरखाली होणाऱ्या. सुताराने नमुन्याची एक झडप करून आणली. वखारीच्या अंगणात मी स्टुलावर बसले, मशीनवर बसते तशी वाकून, आणि त्याने ती समोर धरली. पट्ट्या किती तिरप्या केल्या म्हणजे ऊन थांबतं आणि दोरा दिसतो, ते आम्ही तिथेच ठरवलं. पावणेदोन इंच बरोबर निघालं. वखारीतले हमाल काम सोडून बघत होते.

मग पाखं किती. दोन पाखं केली तर प्रत्येक दोन फूट बाहेर जाईल, म्हणजे बोळ ओलांडून नानांच्या अंगणावर. मी म्हटलं, चार करू, दुमडणारी, म्हणजे फूटभरच बाहेर येतील आणि आपल्याच हद्दीत राहतील. उगाच नानांना वाटायला नको की आम्ही त्यांच्या जागेवर टांगून ठेवलं. नवरा म्हणाले, “छान विचार केलास.” हे त्यांचे शब्द आहेत. मी विसरलेली नाही.

आतून लोखंडी जाळी बसणार, तर झडपा मिटायला हात बाहेर कसा काढायचा? ही अडचण त्यांनी सोडवली. वहीच्या पानावर पेन्सिलने चित्र काढून दाखवलं, जाळीत खालच्या बाजूला वीतभर दार ठेवायचं, त्याला छोटी कडी. मला इतकं कौतुक वाटलं की ते पान मी फाडून पर्समध्ये ठेवलं. अजून आहे.

आणि माप. सुताराची पद्धत अशी की माप तो स्वतः, जागेवर येऊन घेतो. नवरा म्हणाले, त्याला कशाला लांबून बोलवायचं, तुझ्यासारखं माप कोण घेणार? मी फुगले. खोटं कशाला बोलू, फुगले. सुतारालाही ते पटलं, शिवणाऱ्या बाईचा हात. मी टेप घेऊन भोकात उभी राहिले. दोन्ही कडांना एकाआड एक वीट पुढे आलेली होती, करवतीसारखी. मी सगळ्यात अरुंद जागा धरून माप घेतलं, गिलाव्याला अर्धा-अर्धा इंच सोडला, आणि आकडे सुताराला फोनवर सांगितले. त्या पुढे आलेल्या विटा तशा का आहेत, असा प्रश्न मला पडला नाही. कापडातलं मला सगळं कळतं. विटांतलं कळत नाही.

त्याच भोकातून त्या दिवसांत सगळा माल आत येत होता. ट्रॅक्टर नानांच्या अंगणात उभा राहायचा आणि मजूर घमेली हातोहात तिथून आत द्यायचे. वाळू, सिमेंट, शेवटी फरशीसुद्धा. मला वाटायचं, किती सोयीची खिडकी आहे आपली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाणार होते, दरवर्षीप्रमाणे, आठ दिवसांसाठी. सुताराने झडपा आखाजीनंतर देतो म्हणून सांगितलं होतं. पण त्याचं दुसरं एक काम लांबलं आणि तो आखाजीच्या चार दिवस आधीच झडपा घेऊन आला. लोडिंग रिक्षात जुन्या चादरीत गुंडाळलेल्या चार झडपा, जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेल्या. नवरा त्या सकाळी वरणगावला एका जुन्या सोबत्याकडे गेले होते. बोळीत शिडी मावत नव्हती म्हणून सुताराने झडपा नानांच्या अंगणातून नेऊन आमच्या भिंतीला बाहेरून टेकवल्या. मग तो आत आला आणि भोकासमोर उभा राहिला.

मग त्याने विचारलं, “ताई, झडपा ह्याले लावाच्या हायेत?”

मी हो म्हटलं.

त्याने त्या करवतीसारख्या कडेवरून हात फिरवला. “याले तं दाते सोडेल हायेत. पुढे वीट गुंतवाची असली म्हंजे सोडता असे. खिडकीची कड सपाट असते. हे बुजवाचं भोक हाय.”

गवंडी पलीकडे भाकरी खात बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने भाकरी खाली ठेवली. त्याच्याकडून जे निघालं ते असं, की पाया भरतानाच भाऊंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सांगून ठेवलं होतं. ह्या भिंतीला खिडकी नाही. माल आत घ्यायला तेवढं भोक ठेव, फरशी झाली की बुजव. आणि बुजवायचं कधी, तर बाई आखाजीला माहेरी जातील तेव्हा. गवंड्याला वाटलं होतं की मला हे माहीत आहे आणि झडपा दुसऱ्या कुठल्या खिडकीसाठी चालल्या आहेत. त्याचं काही चुकलं नव्हतं. बांधकामावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, घमेली देणाऱ्या बायकांनासुद्धा. त्या मला त्या भोकासमोर बसलेली पाहत होत्या.

मी नवऱ्याला फोन लावला. ते हळू आवाजात, समजावणीच्या सुरात बोलायला लागले. नानांचा विरोध आहे. त्यांच्या सुनांची न्हाणी त्या बाजूला आहे. मी फार समजावलं, पण ते ऐकेनात. तुला सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस आणि भावाभावांत वितुष्ट आलं असतं. झडपांचं आपण काहीतरी करू, पूर्वेला लावू. मी विचारलं, मग चार महिने माझ्याबरोबर वखारीत कशाला हिंडलात? ते म्हणाले, तू इतकी आनंदात होतीस.

केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा कळलं. जाळीत हात जायला दार काढणारा हाच हात, आणि भोक बुजवायला सांगणाराही हाच. मला रडू आलं नाही. इतका संताप आला की कानांत कूलर चालू झाल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा संताप नानांवर होता. मनात म्हटलं, तेहतीस वर्षं ज्यांच्यासमोर पदर सावरला, त्यांना माझी एक खिडकी बघवली नाही.

मी सुताराला म्हटलं, चला. आम्ही नानांच्या अंगणात गेलो. नाना माझ्या झडपांपाशी उभे होते. चादर बाजूला करून एका झडपेची काठी वरखाली करून बघत होते. मला पाहून त्यांनी नजर खाली घातली आणि मी पदर ओढून घेतला, तेवढ्या रागातही. हात आपोआप जातो. मी सुताराला सांगितलं की नानांना विचारा, माझ्या खिडकीची त्यांना एवढी काय अडचण झाली.

सुताराने बिचाऱ्याने विचारलं. नाना त्यालाच म्हणाले, “बाईले सांग, झडपा लई चांगल्या करेल हायेत. पण खिडकी तं तिलेच नको होती.”

सुतार माझ्याकडे वळला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागला. मी त्याला थांबवलं. माझा पदर डोक्यावरून कधी खांद्यावर आला ते कळलं नाही.

“नाना,” मी म्हटलं, “मला नको होती असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

आयुष्यात त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. ते एक पाऊल मागे सरले. उत्तर त्यांनी जमिनीकडे पाहूनच दिलं, पण मला दिलं.

“त्यानंच सांगतलं. पाया खणला तव्हा म्या म्हनलं, इकडे न्हाणी हाय, पण तिले खिडकी पाह्यजे असली तं ठेव, न्हाणी मी हलवतो. तिले इचार. दुसऱ्या दिवशी तो म्हने, इचारलं, तिले नको. शिवून शिवून डोळे गेले, तिले उजेड सोसत नही.”

मी तिथल्या खुर्चीवर बसले. त्यांच्याच खुर्चीवर, त्यांच्यासमोर. म्हणजे मला काही विचारलंच गेलं नव्हतं. नाना नाही म्हणालेच नव्हते. नवऱ्याला फक्त एक प्रश्न एका अंगणातून दुसऱ्या घरात न्यायचा होता, आणि तेवढा त्रासही नको म्हणून त्यांनी माझं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. मग मी झडपांचं बोलायला लागले तेव्हा खरं सांगायचं धाडस झालं नाही. आणि अगदीच गळ्याशी आलं तेव्हा नाना पुढे करायला होतेच. मी नानांना जाऊन विचारणार नाही, ही खात्री होती. कशी विचारणार? रीतच तशी.

नाना अजून उभे होते. त्यांनी माझ्या मोठ्या जाऊबाईंचा विषय काढला. त्या नऊ वर्षांपूर्वी गेल्या, जळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे होत्या.

“ती अॅडमिट होती तव्हा म्या दोनदा निरोप धाडला,” नाना म्हणाले. “तिले तुहीच आठवण यायची. म्हने, धाकलीले बलवा. तो म्हने, लग्नसराईचं शिवण हाय, तिले येनं होत नही. तुवा शिवेल गाऊन आला. ती म्हने, गाऊन धाडते, पण येत नही.”

त्या तीन आठवड्यांत माझी पिशवी भरून दाराशी होती. मला निरोप असा मिळाला होता की नाना म्हणतात, दवाखान्यात गर्दी नको. मी रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर मिळायचं. म्हणून मी समोरून बंदांचा, मऊ सुती गाऊन शिवून नवऱ्याच्या हाती पाठवला, म्हणजे सुया टोचायला बाही वर करायला नको. जाऊबाई माझ्यावर रुसून गेल्या. मी नानांवर नऊ वर्षं राग मनात धरून होते, की मला शेवटचं बघू दिलं नाही. आणि नाना माझ्यावर. आम्ही तिघं एकमेकांवर रागावलो, आणि मधला माणूस सगळ्यांचा भला राहिला.

मी नानांना खरं काय ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि सुताराला म्हणाले की गवंड्याला बोलव, आजच्या आज दाते तोडून कड सपाट करा.

संध्याकाळी नवरा वरणगावहून आले तेव्हा गवंडी छिन्नी चालवत होता. मी त्यांना गाऊनचं विचारलं. ते नाकारत नाहीत, हा त्यांचा गुण म्हणायचा असेल तर म्हणा. म्हणाले, लग्नसराई खरंच होती, तू गेली असतीस तर गिऱ्हाइकं तुटली असती, मग तू चिडली असतीस. नानांना सरळ नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मला कुणालाच दुखवायचं नव्हतं. हे सगळं त्यांनी इतक्या निरागस चेहऱ्याने सांगितलं की मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. मी म्हटलं, वाईट वाटू द्यायचं होतं. आमचं वाईट आम्ही बघून घेतलं असतं. ते म्हणाले, “आता झालं ना सगळं मनासारखं? खिडकी होते आहे.”

खिडकी झाली. नानांनी न्हाणी पत्रे लावून पलीकडे नेली. झडपा बसवताना शिडी नवऱ्याने धरली, आणि जाळीतलं ते वीतभर दारही झालं, चित्राबरहुकूम. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता मी ट्यूबलाइट न लावता काळ्या कापडाला काळा दोरा ओवते. हवं होतं ते अगदी हवं तसं मिळालं आहे आणि मला त्याचा आनंद होत नाही. झडप उघडली की समोर नाना दिसतात, आणि मला जाऊबाई आठवतात.

नानांशी आता मी बोलते. गावात त्याची थोडी कुजबुज झाली, होऊ दे. आणि घरात मी एक नवीन पद्धत पाडली आहे. नवऱ्याने कुणाचाही निरोप सांगितला की मी त्या माणसाला त्यांच्यादेखत फोन लावते. डॉक्टर म्हणाले औषध बंद कर, तर डॉक्टरांना. गिऱ्हाईक म्हणालं घाई नाही, तर गिऱ्हाइकाला. ते म्हणतात, किती हा संशय. बहुतेक वेळा निरोप खरा असतो. पण आता मी बहुतेक वेळांवर समाधान मानत नाही.

आमची मुलगी पुण्याला असते, नोकरी, संसार, चार वर्षांची नात. तिचा फोन वर्षानुवर्षं तिच्या बाबांच्या मोबाइलवर यायचा, कारण माझे हात शिवणात. खुशाली ते मला सांगायचे. मजेत आहे, कामात आहे, घरात जागेची अडचण आहे, सुट्टीत येईल म्हणाली. गेल्या रविवारी मी माझ्या फोनवरून तिला लावला, मुद्दाम काही विचारायचं नव्हतं, सहज. नवरा खिडकीपाशी बसून बिजागऱ्यांना तेल देत होते. इकडचं तिकडचं झालं, मग मी म्हटलं, दिवाळीनंतर तुझ्याकडे येऊन राहीन म्हणते, तुला चालेल का, तुझ्या घरात जागेची अडचण आहे ना?

“कसली अडचण?” ती म्हणाली. “आई, मी दर सुट्टीत तुला बोलावते. बाबा सांगतात, तुला पुण्याला करमत नाही, आग्रह करू नकोस म्हणून. मला वाटायचं, तुला माझ्याकडे यायचंच नाही.”

बिजागरीवरचा हात थांबला. मी फोन स्पीकरवर टाकला, त्यांच्यासमोर खिडकीत ठेवला आणि तिला म्हटलं, “पुन्हा सांग.”